घडीवरची हद्द

माझा मामा नकाशांच्या नकला काढायचा. मूळ नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं, चारी कोपऱ्यांना वजनं ठेवायची आणि खालून जी रेघ दिसेल ती वर शाईने ओढायची, एवढंच काम. भूमापन कचेरीत त्याने छत्तीस वर्षं दुसरं काही केलं नाही. त्यात काय मोठंसं, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायचे, कारण मी जन्माची फटकळ. मामा चिडायचा नाही. "श्वास रोखून एक हातभर रेघ ओढून दाखव," म्हणायचा. मी काही कधी ओढून दाखवली नाही.

त्याच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं, उत्तरेला मोठी खिडकी, आणि हेडक्लार्कने पहिल्याच दिवशी सांगितलेला एक नियम: खाली आहे तेच वर आलं पाहिजे, डोकं चालवायचं नाही. मक्षिकास्थाने मक्षिका. मामाच्या आधीच्या माणसाने मूळ नकाशावर सांडलेला शाईचा थेंबही इमानदारीत उतरवला होता. पुढे अकरा वर्षं त्या जागी कागदोपत्री तळं होतं. पाणी न्यायला नळ टाकायचे ठरले तेव्हा कुठे कळलं की तिथे एका बाईचा गोठा आहे.

आमच्या गावच्या हद्दीचा इतिहास मामाला तोंडपाठ होता. गोरे व्यापारी गलबतांतून उतरले तेव्हा गाव म्हणजे एक वखार, एक भिंत आणि चार दरवाजे. दिवस मावळला की इथल्या माणसांना बाहेर काढून दरवाजे लावायचे. मग माल वाढला, भिंत पाडली आणि तिच्या बाहेर दीड मैलावर नवी रेघ आखली. हीच पहिली हद्द. तिच्या पलीकडची सगळी जमीन लष्कराच्या कवायतीची. त्यानंतर रेल्वे आली आणि एका हुकमात तीन खेडी गिळली गेली. लोक रात्री खेड्यात झोपले आणि सकाळी शहरात उठले, घरपट्टीसकट. पुढे कुठल्याशा लढाईत उत्तरेचा तुकडा दुसऱ्याच मुलखाच्या गोऱ्यांना देऊन टाकला आणि चार वर्षांनी परत घेतला. गोरे गेले तेव्हा आम्हाला वाटलं, आता तरी रेघ एका जागी बसेल. कसली बसतेय? आपल्या लोकांनी तर कात्रीच हातात घेतली.

मामाला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी आमच्या दारावर नोटीस चिकटवलेली दिसली. पहिल्या हद्दीच्या आतल्या घरांना मालकी हक्क मिळणार, बाहेरची घरं लष्कराच्या जागेवरचं अतिक्रमण, नव्वद दिवसांत खाली करा. आमच्या गल्लीतल्या अडतीसही घरांवर तोच कागद. आईने नोटीस वाचली आणि लगोलग मामाला बोलावणं धाडलं. बाबा गेल्यावर शिवणाच्या मशीनवर तिने ते घर उभं ठेवलं होतं. मागची खोली तर तिने स्वतः विटा वाहून बांधून घेतली होती. त्या घराबाहेर तिला दुसरं जग नव्हतं.

मामा आला तो हसतच. "वेडी का काय तू? तुझं घर हद्दीतच आहे. आपले वडील सांगायचे ना, हद्दीचा दगड गल्लीच्या पार टोकाला होता. आणि पहिल्या हद्दीची नक्कल कुणी काढलीय? मी. चल गं," मला म्हणाला, "आत्ता जाऊन दाखवून येऊ."

कचेरीत नव्या बाई अधिकारी होत्या, वयाने माझ्याएवढ्या. त्यांनी मामाला खुर्ची दिली आणि दोन्ही नकाशे मागवले, मूळ आणि त्याची नक्कल. आधी नक्कल उलगडली. मामाची सुरेख लाल रेघ, आणि तिच्या बाहेर, अंगठ्याएवढ्या अंतरावर, आमची गल्ली.

 मामाने चष्मा पुसला. मूळ नकाशा कुण्या साहेबाने ट्रंकेत आठ घड्या घालून ठेवलेला होता, मागून कापड लावलेला. मामाने तो टेबलावर पसरला, वर आपली नक्कल ठेवली आणि वाकून बघत राहिला. मग त्याचं बोट थांबलं. 

"घडी आहे ही," तो म्हणाला.

मला काही कळेना. त्याने भिंग दिलं. मी वाकून पाहिलं. ट्रंकेत ओल धरली होती. लाल शाई ओघळून कागदाच्या घडीत उतरली होती आणि तिथेच वाळली होती. खरी रेघ पुसट झाली होती, पण होती. एका ठिकाणी फुगून बाहेर जात होती, आमच्या गल्लीला पोटात घेऊन. पुढे गावच्या तलावाच्या अंगाला आत वळत होती. तीस वर्षांपूर्वी मामाने खाली दिसली ती ठळक, सरळ लाल रेघ वर उतरवली. कुणी शंकाही घेतली नाही, कारण गोऱ्या साहेबांना सरळ रेघांची हौस, हे सगळ्यांना ठाऊक.

म्हणजे तीस वर्षं आमचं गाव एका कागदाच्या घडीवर संपत होतं. मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, तरी पटेना. लोकांनी त्या घडीच्या हिशेबाने जमिनी घेतल्या, दिवे लावले, रस्ते थांबवले. एका ट्रंकेतली ओल, आणि माझ्या आईच्या दारावर नोटीस.

बाई गोंधळल्या होत्या. "तुम्ही हे लेखी द्याल? तुमची चूक म्हणून?"

मामा पुन्हा नकाशावर वाकला. तलावाच्या बाजूला त्याने बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं. मला वाटलं, निवृत्त माणूस, आयुष्यभराचं नाव जातंय, जीवावर येणारच. "देतो," तो म्हणाला, आणि श्वास रोखून सही केली.

फेरमोजणीला दोन महिने लागले. आमच्या गल्लीच्या नोटिसा रद्द झाल्या. आईने अडतीस घरांत पेढे वाटले. भावाला द्यायला वेगळा डबा भरला आणि आम्ही दोघी त्याच्याकडे निघालो.

त्याच्या गल्लीच्या तोंडाशीच माझे पाय थांबले. प्रत्येक दारावर कागद होता. चौदा घरं. शेवटचं मामाचं.

रेघ आत वळते, तलावाच्या अंगाला. मामाचं घर तलावाच्याच अंगाला. भिंग माझ्याही हातात होतं, आणि मी मूर्खासारखी फक्त आमची गल्ली शोधली. ते बोट तिथे का अडखळत होतं ते मला आत्ता कळलं.

मामाच्या ओट्यावर शेजारचे घड्याळजी बसले होते. त्यांची बायको सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. माणूस आवाज चढवणारा नव्हे.

"वीस वर्षांपूर्वी मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणत होते, "जागा हद्दीत आहे ना म्हणून. तुम्ही म्हणालात, डोळे मिटून घ्या, रेघ मी काढलीय."

"म्हणालो होतो," मामा म्हणाला.

"तुमचं घर गेलं, ते तुम्ही ठरवून घालवलंत. आम्हा तेरा जणांना निदान आधी सांगायचं होतं."

  घड्याळजींनी माझ्या आईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, आणि उठून आपल्या घरात गेले. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, कोण आलंय म्हणून विचारत होती.

आई भावाला जवळ घेईल, रडेल, निदान "माझ्याकडे राहायला ये" म्हणेल, असं मला वाटलं होतं. ती तशीच उभी राहिली.

"तुला त्याच दिवशी दिसलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाली असतीस."

आईने मान हलवली. "नसते म्हणाले," ती म्हणाली. "तेच तर. मी नको म्हणाले नसते रे."

आम्ही घरी आलो. मी कुलूप उघडलं, दिवा लावला. आई पायरीवरच बसली. आत ये म्हटलं तरी येईना. डबा मांडीवर तसाच होता. "तू हो पुढे," ती म्हणाली, "मला अजून आत यायला जमत नाहीये."