उजव्या कोपऱ्यातली गाठोडी

गाता गळा नाही पण ऐकता कान आहे, अशा माणसाला लोक कानसेन म्हणतात. त्या गल्लीतल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या दुकानदाराला हे नाव इतकं घट्ट चिकटलं होतं की पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं खरं नाव वाचून गोंधळायचा आणि ‘हे कोण बुवा?’ म्हणून कानसेनांनाच विचारायचा. नाव कौतुकाचं की चेष्टेचं, हे हाक मारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागे. कानसेन दोन्हीला ‘ओ’ देत.

लोक कलिंगड टिचकी मारून घेतात, तसे कानसेन अ‍ॅम्प्लिफायर वास घेऊन घेत. आधी नाक जाळीला. जळका वास आला की पुढचं बोलणंच खुंटलं. मग दोन्ही हातांनी उचलून वजन बघायचं. आतला ट्रान्सफॉर्मर जड असला की समजायचं, बनवणाऱ्याने हात आखडलेला नाही. मग आवाजाचं बटण सावकाश फिरवायचं. खरखर झाली तर नुसती धूळ, ती जाते. गाणं न लावताच गुणगुण आली तर दुखणं आतलं. आणि सगळ्यात शेवटी स्क्रू.

“एकदम अस्पर्श माल आहे,” भंगारवाला गळ्याला हात लावून सांगायचा. “आजतागायत आत कोणाचा हात गेलेला नाही.”

कानसेन चष्मा कपाळावर सरकवून स्क्रूच्या डोक्यांवरचे ओरखडे न्याहाळत. “मग हे काय, उंदरांनी पेचकस आणला होता?”

“तुमच्यासारखं गिऱ्हाईक देव वैऱ्यालाही न देवो.”

“वैऱ्याला कशाला देईल? तुला दिलंय ना.”

विकलेला माल बसवायला ते स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जात. त्यांचा जीव होता तो जमिनीवर उभे राहणाऱ्या, कमरेएवढ्या उंचीच्या जुन्या लाकडी स्पीकरांवर. लोकांनी ते कोपऱ्यात कोंबलेले असत, वर फुलदाणी ठेवलेली असे. कानसेन फुलदाणी काढून घरच्या बाईंच्या हातात देत, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढत, कारण कोपऱ्यात आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमतो. मग दोघांची तोंडं ऐकणाऱ्याकडे जराशी वळवत, भांडलेल्या नवराबायकोंनी फोटोपुरती वळवावीत तशी. पण या सगळ्याच्या आधी खोलीच्या मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी. घरची माणसं एकमेकांकडे बघत, हा गृहस्थ स्पीकर बसवायला आलाय की कबुतरं उडवायला? कानसेन डोळे मिटून टाळी विरण्याची वाट बघत. ती भिंतीभिंतींवर आपटून किणकिणत राहिली की निदान ठरलेलं: खोली रिकामी आहे, पडदा लावा, सतरंजी घाला, नाहीतर सोन्याचा अ‍ॅम्प्लिफायर आणलात तरी आवाज टोचणार.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र त्यांनी टाळी कधी वाजवली नाही. स्वतःच्या घरात काय बघायचं!

त्या घरात दोन माणसांचे दोन संसार एकाच खोलीत चालत. समोरच्या भिंतीपाशी त्यांचे स्पीकर, तरुणपणी हौसेने घेतलेले, आणि उजव्या कोपऱ्यात बायकोचं शिवणकाम. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, लहान मुलींचे फ्रॉक आणि कापून उरलेल्या चिंध्या यांची गाठोडी कोपऱ्यातून चढत चढत खिडकीपर्यंत गेलेली आणि उजव्या स्पीकरच्या अंगावर रेललेली.

“अगं, हा बिचारा श्वास कसा घेणार? नाकातोंडात तुझे अभ्रे!”

“श्वास लागायला तो काय म्हातारा झालाय? तुम्ही घ्या.”

“भिंतीपासून मोकळी जागा लागते त्याला.”

“मग भिंत सरकवा. गाठोडी हलायची नाहीत. आणि हे बघा, तुमच्या पेट्या माझ्या घरात राहतात. माझं घर तुमच्या पेट्यांत राहत नाही.”

लग्नापासून चाललेलं हे भांडण दोघांनी जपून वापरलं होतं, चांगल्या कापडासारखं. पण दुपारचं जेवण झालं की मशीन बंद. मशीनची खडखड गाण्यात नको, एवढी सवलत तिने न मागता दिलेली. कानसेन रेकॉर्ड लावून खुर्चीत बसत. ती त्यांच्या उजव्या हाताला, गाठोड्यांना पाठ टेकून, काजं-बटणं करत बसे. एक बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. संपली की कानसेन उजवीकडे मान वळवून म्हणायचे, “बघितलंस? जागा अचूक साधली की काय होतं!”

“हो तर,” ती दातात दोरा धरून म्हणायची, “तुमचीच करामत सगळी.”

आल्यागेल्याला आवाज आवडे. गल्लीच्या टोकाच्या दातांच्या डॉक्टरांना तर तो इतका आवडला होता की दाढ कोरता कोरता ते स्पीकर मागत. तोंडात यंत्र असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे ओळखून कानसेनांनी त्यांच्याकडे जाणंच सोडलं आणि एक दाढ तशीच दुखत ठेवली.

एका थंडीत बायकोला ताप आला, छाती भरली, आणि जन्मभर प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालणारी ती बाई कसलीही हुज्जत न घालता गेली.

भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा नव्हती. मेहुणीने विचारलं, “भावोजी, ताईचा पसारा काय करू?” कानसेन म्हणाले, “नेऊन टाक. मला श्वास घेता येत नाही.” तिने दोन दिवसांत कोपरा रिकामा केला. मशीनही नेलं, जड पडदेही धुवायला म्हणून काढले ते तिकडेच राहिले.

माणसं पांगली. एके सकाळी कानसेनांनी दोरी घेतली आणि स्पीकर हवे तसे मांडले: दोन्ही भिंतींपासून सारख्या अंतरावर, तोंडं नेमकी खुर्चीकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनासारखी जागा मिळाली होती. मांडून झाल्यावर त्यांना क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्यांनी रेकॉर्ड लावलीच नाही.

दुसऱ्या दिवशी लावली, आणि आवाज टोचला. गाणारीच्या ‘स’ला काटे फुटलेले, तबल्याच्या मागे पत्र्यासारखा नाद, खर्ज खोलीभर भटकत असलेला. अर्ध्यातच सुई उचलावी लागली. कानसेनांचं निदान तयार होतं: अ‍ॅम्प्लिफायर म्हातारा झाला.

मग सुरू झालं ते गल्लीने दाराआडून बघितलं. दुकानातला सगळ्यात चांगला अ‍ॅम्प्लिफायर घरी आला. आठवड्यात परत गेला. बंद पडलेल्या सिनेमागृहातला एक आला, तो उचलायला हमाल लागला. मग भंगारवाल्याने स्वतः आणून दिला, स्क्रू कोरे करकरीत असलेला, आणि पहिल्यांदाच त्याने थट्टा केली नाही. कानसेन वास घेत, वजन बघत, तासभर तापवून दोन्ही कुशी सारख्या गरम होतात का चाचपत. कशातच दोष सापडेना. आवाज टोचायचा तो टोचेच. “म्हाताऱ्याला नवं वेड लागलंय,” गल्ली म्हणाली. गल्लीत जे जरा जास्त आगाऊ होते ते म्हणाले, “दुसरी करण्यापेक्षा बरं.”

परगावी नांदणारी मुलगी आली. घरभर अ‍ॅम्प्लिफायर बघून तिने कपाळाला हात लावला.

“बाबा, हे सगळं विका आणि माझ्याकडे चला. इथे तुम्ही जेवता कधी?”

“एकदा आवाज जुळू दे.”

“आणि नाही जुळला तर?”

कानसेनांनी स्पीकरवरची धूळ बाहीने पुसली. मग म्हणाले, “या रविवारपर्यंत बघतो. जुळला तर मी इथेच राहीन, स्पीकरही राहतील. नाही जुळला तर ते डॉक्टरला, आणि मी तुझ्याकडे.”

मुलीने लगेच डॉक्टरांना निरोप दिला. बापाचं मन तिला माहीत होतं. रविवारचा सोमवार व्हायला वेळ लागत नाही.

गुरुवारी दुपारी कानसेन गुडघ्यांवर बसून डावा स्पीकर केसभर पुढे, केसभर मागे करत होते. मुलगी मागे उभी होती. एक डास तिच्या कानाशी आला. तिने फाट्‌कन टाळी मारली.

टाळी या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली, परत आली, वर छताला लागली आणि किणकिणत राहिली.

“पुन्हा मार,” कानसेन म्हणाले.

“मेला तो, बाबा.”

“पुन्हा मार म्हणतो ना!”

तिने मारली. कानसेनांनी डोळे मिटले. हीच टाळी त्यांनी शंभर परक्या घरांत ओळखली असती. डोळे उघडून त्यांनी उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे चुना होता, आणि चुन्यावर टाचण्यांची बारीक भोकं.

चपला घालून ते तडक मेहुणीकडे गेले. ती ओट्याशी होती.

“ती गाठोडी दे.”

“कोणती?”

“तुझ्या ताईची. उजव्या कोपऱ्यातली.”

मेहुणीने हात पुसले आणि त्यांच्याकडे नीट बघितलं, ताप-बीप आहे का म्हणून. “भावोजी, ती आता कुठली? लोकांचे कपडे ज्याचे त्याला पोचवले. चिंध्या उशांत भरून वृद्धाश्रमात दिल्या. तुम्हीच म्हणालात ना, नेऊन टाक, श्वास घेता येत नाही.”

“ते मी…” कानसेन उंबऱ्यावर बसले. “ते मी स्पीकरबद्दल म्हणत आलो गं. नेहमीचं.”

मेहुणीने ओट्यावरचा गॅस बंद केला. थोड्या वेळाने तिने माळ्यावरून गाद्या, रजया, जुने कोट खाली टाकायला सुरुवात केली. संध्याकाळी हातगाडी कानसेनांच्या दाराशी उभी राहिली. तिघांनी मिळून कोपरा भरला. मेहुणी लांब उभी राहून बघे, पुन्हा येऊन ढीग ढकले.

“नाही, ताईचा ढीग असा सरळ नसायचा. पुढे झुकलेला असायचा, तुमच्या पेटीवर.”

“तुला बरं आठवतं.”

“मी आले की ताईकडे बघायचे. तुम्ही पेट्यांकडे बघायचात.”

हे ती सहज बोलून गेली. एरवी ती टोमणेच मारायची, हा टोमणा नव्हता. कानसेनांनी उजवा स्पीकर ओढत पूर्वीच्या अडचणीच्या जागी नेला, ढिगात अर्धा बुडवला. मग दुकानातला नाही, सिनेमाचा नाही, तो आपला जुनाच अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि रेकॉर्ड लावली.

काटे गेले होते. गाणारी समोर बसल्यासारखी गात होती, खर्ज आपल्या पायाशी निजून होता. कानसेनांनी पूर्ण बाजू ऐकली. मेहुणी दाराशी, मुलगी तिच्या शेजारी. कोणी बोललं नाही. सुई शेवटच्या रेघेत शिरली तेव्हा कानसेनांची मान उजवीकडे वळली आणि “बघितलंस?” हा शब्द अर्धा बाहेर आला.

तिथे गाद्या होत्या.

इतके दिवस अ‍ॅम्प्लिफायर बिघडलेला होता तोवर बरं होतं. आज नाही तर उद्या चांगला मिळेल, मग दुपार पहिल्यासारखी होईल, एवढी आशा दर वेळी हातगाडीवरून घरी येत होती. आता कशातच बिघाड नव्हता. आवाज अगदी तोच होता.

“जुळला ना, बाबा?” मुलीने विचारलं.

“जुळला.”

“मग राहा इथे. तसंच ठरलं होतं.”

“डॉक्टरला सांग, गाडी घेऊन ये म्हणावं.”

“अहो, पण जुळला ना?”

“जुळला म्हणूनच सांगतोय,” कानसेन म्हणाले आणि रेकॉर्ड पाकिटात घालायला लागले. ती आत सरळ जाईना.

रविवारी स्पीकर डॉक्टरांच्या घरी गेले. बसवायला कानसेन गेले, रिवाजाप्रमाणे. खोली ऐसपैस, पण एका कोपऱ्यात इस्त्रीला काढलेल्या कपड्यांचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी डॉक्टरांची बायको, चादरी घड्या करत बसलेली. डॉक्टर उत्साहाने तिच्याकडे धावले.

“ऊठ, ऊठ! हे सगळं आतल्या खोलीत. काका, किती जागा करू सांगा.”

“कशालाही हात लावू नका,” कानसेन इतक्या जोरात म्हणाले की डॉक्टर चादरीसकट थांबले. “बाई, तुम्ही बसा. स्पीकर बघेल कुठे उभं राहायचं ते.”

“अहो, पण तुम्हीच सांगायचात ना, मोकळी जागा हवी म्हणून?” डॉक्टर म्हणाले.

“सांगायचो.”

त्यांनी टाळी वाजवली नाही. एक स्पीकर चादरींच्या कुशीला उभा केला, दुसरा समोर, तोंडं वळवली. बाईंनी बसल्या जागी पाय आखडून जागा दिली आणि विचारलं, “आणि तुम्ही आता काय ऐकणार, काका?”

“मुलीकडे रेडिओ आहे म्हणे.”

“बसा ना, लावतोच आता,” डॉक्टर म्हणाले. कानसेनांनी मुलीकडे जायच्या गाडीचं निमित्त सांगितलं आणि चपला घातल्या.

अर्धा जिना उतरले तोवर वर गाणं सुरू झालं. पाय आपोआप थांबले. आवाज छान होता. पण डावीकडे किंचित झुकत होता, उजवा स्पीकर बोटभर आत घ्यायला हवा होता. कानसेन कठड्याला धरून वळले, काही पायऱ्या परत चढले, आणि तिथेच उभे राहिले.

घरात बाई होती. कधीतरी झाडताना तिचा धक्का लागेल आणि तो जागेवर जाईल.

ते खाली उतरले.