यथावत

देवराव काका नसते तर मी आज सरकारी खुर्चीत बसलो नसतो. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर 2 मधल्या त्यांच्या क्वार्टरसमोरून जाताना कुणी "काका, कसे आहात?" म्हटलं, की ते एकच शब्द बोलत, "यथावत." पाय सुजलेला असो, सायकल पंक्चर असो, उत्तर तेच. सरकारी कागदातला, ‘होतं तसंच’ अशा अर्थाचा हा शब्द ते थट्टेने वापरत, पण स्वतः कधी हसत नसत.

आम्ही खुर्सीपारचे, कारखान्यालगतच्या मजूरवस्तीतले. बाबा कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. माझ्याआधी घरातल्या कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. काकाही आमच्यासारखेच गोंदियाकडून या हिंदी मुलखात आलेले, त्याच कारखान्यात कोळशाच्या कोक ओव्हन भट्टीवर ऑपरेटर. पहिल्या पाळीवरून आले, की आंघोळ करून व्हरांड्यात मला राज्यसेवेच्या परीक्षेसाठी संविधान शिकवत. अशी चार वर्षं. बाबांनी एकदा फीचा विषय काढला, तर म्हणाले, "पोराले शिकवून राहिलो, दुकान नाही टाकलं."

उत्तर घडाघडा म्हटलं, की ते चिडत. "कावून बे, टेप लावली का? समजलं का तुले, ते सांग."

त्यांच्या पुस्तकातलं एक पान बोटांनी काळं पडलं होतं. कलम 378. नवं संविधान लागू झालं, तेव्हा जुन्या लोकसेवा आयोगांचे सदस्य नव्या आयोगांचे सदस्य झाले आणि उरलेली मुदत पूर्ण होईपर्यंत राहिले, असं ते कलम. परीक्षेत क्वचितच येणारं. काका मात्र ते दर महिन्याला वाचायला लावत.

"देश बदलला, कायदा बदलला, साहेब यथावत," ते म्हणत. "खुर्चीत बसलेल्याची सोय केली लेका. दाराबाहेर नंबर लावून उभा होता, त्याच्यासाठी एक ओळ दाखव मले."

ओळ नव्हती. का शोधायला लावतात, ते पुढे बाबांकडून कळलं. तरुणपणी काका एका भरतीची लेखी परीक्षा पास झाले होते. मुलाखतीचं पत्र यायचं होतं, तेवढ्यात राज्याचे दोन तुकडे झाले आणि आमचा भाग नव्या राज्यात गेला. जुन्या कार्यालयात सांगितलं, "तुम्ही आता तिकडचे." नव्या कार्यालयात सांगितलं, "ही परीक्षा आमची नाही." तीन वर्षं ते हेलपाटे घालत राहिले. तोवर भरतीचं वय उलटलं. दोन्हीकडचे साहेब आपापल्या जागी होते.

माझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी काकांनी पहिल्यांदाच काही मागितलं. "माझं नाव नको घेऊ. पण 378 विचारलंच, तर रांगेतल्याचं काय झालं, तेवढं म्हणजो. एकदा त्या खोलीत कोणी बोललं पाहिजे."

आणि मुलाखतीत खरंच विचारलं. मी कलम नीट सांगितलं. मंडळात मधोमध बसलेले सदस्य खूश झाले. चष्मा पुसत म्हणाले, "और जो उम्मीदवार बीच में अटके होंगे, उनका?"

काकांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. गुणपत्रिकाही आली. मी म्हणालो, "सर, कोई कठिनाई नहीं हुई. सब यथावत रहा."

ते हसले. माझी निवड झाली.

पेढे घेऊन गेलो तेव्हा काकांनी विचारलं, "निघालं होतं का आपलं 378?"

"नाही काका."

त्यांनी अर्धा पेढा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून ठेवला. "बरं. तुले मिळालं नं, झालं मग."

नोकरीवर रुजू झाल्यावर सात महिन्यांनी मी त्यांना पत्र पाठवलं. उत्तर आलेलं नाही. पत्र असं होतं :

ती. देवराव काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

378 निघालं होतं. रांगेतल्यांचंही विचारलं. तुम्ही चार वर्षं ज्या प्रश्नासाठी मला तयार केलंत, तो त्यांनी स्वतःहून विचारला, आणि मी म्हणालो, कुणाला त्रास झाला नाही. तुमचाच शब्द वापरला. त्याचे मला गुण मिळाले असावेत.

पहिल्यांदा तुम्हाला रांगेतून काढलं, तेव्हा काढणाऱ्यांना तुमचं तोंड माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

इथे माझ्या खोलीबाहेर रोज माणसं बसलेली असतात. शिपाई म्हणतो, बसू द्या साहेब, सवय आहे त्यांना.

दिवाळीला येईन. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी बाहेर उभा राहीन.

तुमचा,
रमेश