बावीस कांड्या

नोकरीतली बाकीची प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. त्या बावीस कांड्या मात्र आजही डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

महायुद्धाचा काळ होता. सूत आणि कापड दोन्हींवर नियंत्रण. घरातला मी पहिला पदवीधर. गावच्या मास्तरांच्या उपकारांवर शिकलो आणि नगरजवळच्या विणकर वस्तीत नवा फौजदार म्हणून रुजू झालो. तिथल्या सुताच्या दुकानात चोरी झाली. दुकानाच्या गुमास्त्याने खबर दिली, की एका विणकराच्या बायकोकडे डबाभर भरलेल्या कांड्या आहेत.

कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी, आडव्या सुताची नळी. ही बाई मजुरीवर इतरांच्या कांड्या भरून देई. नवरा खोकल्याने अंथरुणाला खिळलेला, त्याचा माग बंद. पंचांसमक्ष डबा जप्त केला आणि बाईला ठाण्यात आणलं.

“सूत कुठून आणलं?”

“चोरीचं न्हाई, साहेब. कांडी सरत आली की हातभर सूत उरतं, ते भरनारीचं. रीतच हाय आमची. दोन वर्सं तुकडं जोडलेत.”

“कशासाठी?”

“घरवाल्याच्या कफनासाठी. परवान्याचं कापड वेळंला कुठलं मिळतंय? शेजारी ताना, म्हंजे उभं सूत, देतो म्हनलाय. जलमभर लोकांची लुगडी विनली त्यानं, जाताना तरी अंगावर नवं पायजे.”

मला ती सबब वाटली. जुने हवालदार हळूच म्हणाले, “एखाद्या मागवाल्याला बोलवू का साहेब? नुसतं बोट फिरवून सांगंल.”

“मला पुरावा पाहिजे, हवालदार. बोट नको.”

मी सगळ्या कांड्या उकलून सूत मोजायला सांगितलं.

बाई ताडकन उठली. “उकलू नगा! गुंता झाला तर पुन्ना भरायचं न्हाई ते!”

पहिल्या कांडीत हातभर अंतरावर एक बारीक गाठ निघाली. मग दुसरी, मग तिसरी. हवालदार म्हणाले, “दुकानाच्या लडीचं सूत सलग असतंय, साहेब. बाई खरं बोलती.” तिथेच थांबायला हवं होतं. पण पंचनामा पुरा व्हावा म्हणून बाविसाव्या कांडीपर्यंत मी थांबलो नाही.

दुपारी तो शेजारी ठाण्याच्या दारात आला. “चाची, चल. चाचा गेला.”

मी तिला तत्काळ सोडलं. टेबलावर सुताचा गुंता पडला होता. तो तिच्याकडे सरकवला, तर तिने त्याला हातही लावला नाही. रिकाम्या कांड्या तेवढ्या पदरात घेतल्या.

“ह्या ह्याच्या हायेत,” ती शेजाऱ्याकडे बघून म्हणाली. “परत द्यायच्यात.”

विणकराला ठिगळांच्या चादरीत पुरलं. सुताचा चोर शेवटपर्यंत सापडला नाही.

पुढे नोकरीभर मुद्देमालाला हात लावण्याआधी मी त्या कामातल्या माणसाला बोलावत गेलो. त्यामुळे काही निरपराध सुटलेही. वरिष्ठांनी माझ्या सावधपणाची तारीफ केली, ती मी खाली मान घालून ऐकली. हा धडा मला ज्या घराने दिला, त्या घराला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.