आधी चूल दाखवा

उद्धवदादा गेल्याचं तुमसरच्या बसस्टँडवर कळलं, तेव्हा माझ्या तोंडात भजं होतं. थुंकावं की गिळावं ते ठरेना... गिळलं. दादा असता तर यावर महिनाभर हसला असता.

माझा हा चुलतभाऊ आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला आर्किटेक्ट. आर्किटेक्ट म्हणजे काय ते मलाही कळत नव्हतं. पाहुण्यांना मी 'गवंड्यांचा साहेब' असं सांगायचो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला पहिलं मोठं काम मिळालं, एका राइस मिलवाल्या शेठचं नवं घर. शेठ गोड बोलायचा, पण जुन्या घरी दादाला बसवायचा सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, आणि चहा द्यायचा कान तुटलेल्या वेगळ्या कपात. वास्तुपूजेला आम्हा दोघांचं पानही नव्या घराच्या सपरीतच वाढलं. मी अक्कल पाजळली, "दादा, पोटात गेल्यावर बुंदीला सपरी कळत नाही." दादानं बुंदीला हात लावला नाही.

उन्हाळ्यात शेठचा निरोप आला. दादा जाऊन पाहतो तर म्हातारीची खाट, लोणच्याच्या बरण्या, सुनेची शेगडी, सगळं सपरीत येऊन बसलं होतं.

"साहेब, आत कोनी थांबतच नाही. काहून?"

"शेठ, तुमी मले सपरीतच बसवलं. तिथलं वारं मले ठाव. तुमची सून चुलीपाशी कशी बसते, ते मले कसं ठाव राहीन? आतलं अंदाजानं काढलं."

शेठ उंबरठ्यावरून बाजूला झाला. दादा अर्धा तास सुनेच्या चुलीशी बसला आणि भिंत फोडून खिडकी पाडायला सांगून आला. येताना तो तुटका कपही मागून आणला. म्हणे, सवय झाली. कप आमच्या घरी ठेवला. आला की त्यातच चहा.

तेव्हापासून त्याची अट एकच, आधी चूल दाखवा, मग नकाशा. निम्मी गिऱ्हाइकं फाटकातूनच परतली. 'उपाशी मरशील,' मी बजावलं. पण उरलेल्यांच्या स्वयंपाकघरांत तो मोहाडीपासून लाखांदूरपर्यंत चहा पीत फिरला.

माझं घरही त्यानंच आखलेलं. दादाच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्यामागच्या वंदनेच्या दिवशी मी सपरीत उसन्या खुर्च्या मांडून ऐटीत उभा होतो. वयानं वाकलेला तोच शेठ आला, जोडे काढले, पण बसला नाही.

"चूल कुठी हाये?"

बायको उष्ट्या भांड्यांसकट गडबडली. शेठ आत जाऊन खिडकीखाली पाटावर बसला. तिनं हाताला लागेल त्या कपात चहा ओतला... नेमका तोच कप. शेठनं कप फिरवून पाहिला, तुटल्या जागेवर अंगठा ठेवला, दोन्ही हातांनी धरून सावकाश संपवला.

मग कप पुढे करून म्हणाला, "बाई, आनखी अर्धा देता का?"