उजव्या गालातली गोळी

माझ्या मावशीला तिच्या गल्लीत गोळीमावशी म्हणतात. एकतीस वर्षं ती एकाच कारखान्यात गोळ्या करते आहे. लाल, हिरव्या, पिवळ्या आणि एक निळी, जिच्यासारखा रंग देवाने कुठल्याही फळाला दिलेला नाही. पहिली एकोणीस वर्षं ती पिठीच्या खोलीत होती. तिथे गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर पिठीसाखर उधळून त्या घोळवतात. नंतर तिला रंगावर घेतलं. उकळता पाक ओट्यावर ओतला की हातमोजे घालून त्याच्या घड्या घालायच्या, थेंबाथेंबाने रंग सोडायचा आणि तो नीट उतरला का ते पाहायचं. पाहायची रीत अशी, की एक तुकडा तोंडात टाकायचा आणि भिंतीवरच्या आरशासमोर जीभ बाहेर काढायची. जीभ फिकी राहिली तर घाणा परत, कारण पोरं गोळी घेतात ती मुळी जीभ रंगवायला.

रंगावर घेतलं ती बढती होती. फक्त ती मिळेपर्यंत मावशीच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरला नव्हता. बेचाळिसाव्या वर्षी कवळी! "आपल्या घराण्याचेच दात कच्चे," असं ती सांगायची आणि आम्ही माना डोलवायचो. त्याच घराण्यातली माझी आई, म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण, अजून दाताने अक्रोड फोडते. ते आमच्या डोळ्यांसमोर होतं, पण डोक्यात कुणाच्याच शिरलं नाही. उलट मावशी हसली की "बत्तिशी सांभाळ गं" म्हणून आम्ही तिची खेचायचो. ती कवळी मात्र तिने कधी कुणासमोर काढली नाही. आमच्याकडे राहायला आली तरी मोरीचं दार आतून लावून धुवायची.

मावशीने लग्न केलं नाही. माझी मुलगी झाली तेव्हा एवढी वर्षं साठवलेली माया तिने एकदम तिच्यावर ओतली. माझ्या मुलीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. आता साडेपाच वर्षांची आहे. दर शनिवारी मावशी कारखान्यातून थेट आमच्याकडे यायची, हातात कागदाची पुडी. त्यात तुटक्या, वाकड्या, जोड लागलेल्या गोळ्या. दारातच "मावशीआजी, जीभ!" अशी आरोळी व्हायची. मावशी जिन्यात कुणी नाही ना ते बघायची आणि मग जीभ दाखवायची.

पुडीबरोबर ती शिकवणही द्यायची. "चावायची नाही हं. चावतात ते अडाणी. उजव्या गालात ठेवायची आणि विसरून जायचं. चांगल्या गोळीने वीस मिनिटं टिकलं पाहिजे." कारखान्यात गोळीची परीक्षा अशीच घेतात, घड्याळ लावून. मावशीला त्या वीस मिनिटांचा भारी अभिमान. शिवाय एवढ्या कडक आचेवर उकळलेल्या पाकात वाईट काही राहूच शकत नाही, अशी तिची पक्की खात्री. माझ्या मुलीने ही विद्या अशी आत्मसात केली, की एकदा एक गोळी तिने अठ्ठावीस मिनिटं पुरवली. मावशीने ते सगळ्या पाळीला सांगितलं.

आता मी काय करत होते ते सांगते, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. भिंगरी वीस मिनिटं गप्प बसते म्हटल्यावर मी स्वयंपाक उरकून घ्यायचे. पुढे ती जेवायला बसली की दोन घासांत पोट भरायचं, तेव्हा मी तिलाच रागवायचे. दिवसाकाठी चारपाच गोळ्या जात होत्या. मला माहीत होतं.

मग एका सकाळी तिचा उजवा गाल टम्म सुजला.

दातांची डॉक्टर तरुण होती, हाताने हलकी. भिंगरीला मावशीचीच मांडी हवी होती, म्हणून मावशी खाडा करून आली. डॉक्टरने आरसा आत घातला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हिला गोळी उजव्या गालात धरायची सवय आहे का?"

मावशी खुलली. "तुम्हाला कसं कळलं?"

"डावीकडचे दात बरे आहेत. उजवीकडच्या दोन दाढांत पू झालाय, त्या काढाव्या लागतील. आणखी दोन किडल्यात."

"पण ती चावत नाही हो कधी. चघळते."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाली. "चावून गिळली असती तर साखर लवकर गेली असती. ही दाढेला लावून बसते. तोंडातल्या जंतूंना तेवढंच हवं असतं. ते साखर खातात, तिचं आम्ल करतात आणि आम्ल दात खातं. असं रोज चारपाच वेळा."

"आणि तो रंग?" मी विचारलं. मला रंगावर खापर फोडायचं होतं.

"काही मुलांना रंग सोसत नाहीत, पुरळ उठतं. पण हिचं दुखणं साखरेचं आहे. ती तोंडात किती वेळ राहते, त्याचं." मग तिने मावशीकडे नीट पाहिलं. "आजी, तुम्ही काय काम करता?"

मावशीने सांगितलं. पिठीच्या खोलीतली एकोणीस वर्षंही सांगितली.

"तिथे साखर हवेत उडत असेल. दिवसभर तोंडात जात असेल. तुमच्याबरोबरच्या बायकांचे दात कसे आहेत?"

मावशी एकेकीला आठवत राहिली. तिचे ओठ हलत होते. मग ती हलकेच म्हणाली, "कुणाचेच नाहीत. आम्हाला वाटायचं, ज्याच्यात्याच्या घरचं असतं."

दाढा त्याच दिवशी निघाल्या. भिंगरीने दवाखाना डोक्यावर घेतला आणि मी बाहेर येऊन मावशीवर तोंड सोडलं. रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. "तूच केलंस हे! लाड लाड म्हणून पोरीच्या तोंडाचं वाटोळं केलंस!" मावशीने भिंगरीचा स्वेटर माझ्या हातात दिला आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

त्या शनिवारी ती आली नाही. पुढच्याही नाही, त्याच्याही पुढच्या नाही. आई म्हणाली, "तू बोललीस ते खोटं नव्हतं. पण तिच्याकडे ती पुडी सोडून दुसरं होतं काय गं द्यायला?" मला झोंबलं, कारण ते खरं होतं.

इकडे भिंगरीने वेगळंच आरंभलं. ती कुणाहीसमोर तोंड उघडेना. घास घेताना ओठ जेमतेम विलग करायची, ब्रश दिसला की दातखीळ बसल्यासारखी. सोमवारी उजवीकडच्या उरलेल्या दोन दाढा भरायच्या होत्या. डॉक्टरने बजावलं होतं, उशीर झाला तर त्याही काढाव्या लागतील. मी गोडीगुलाबी केली, धमक्या दिल्या, एकदा तर नाक दाबून पाहिलं. लाज वाटते सांगायला. शेवटी रविवारी दुपारी तिला घेऊन मी मावशीच्या खोलीवर गेले. माफी मागायची होती, आणि मदतही.

कपडे इस्त्री करणाऱ्याच्या दुकानावर तिची एकच खोली. जमीन खालून कायम उबदार. मावशी खिडकीशी बसून जुन्या चादरीचे चौकोनी तुकडे कापत होती. "पिठीच्या खोलीतल्या मुलींसाठी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "नाकातोंडाला बांधायला. तासातासाला चूळही भरायला लावते. हसतात मला." मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हातानेच थांबवलं.

भिंगरीने आधी मावशीचे हात पाहिले, मग खिसा चाचपला. "पुडी?"

"नाही आणली, बाळा. आता कधीच नाही आणणार."

भिंगरी ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करून बसली. मावशीचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. पुडी नसेल तर पोरीला आपण नकोशा होऊ, ही भीती तिला तीन आठवडे वाटत होती, आणि तीच आता तिच्यासमोर पाठ करून बसली होती.

मी हळूच सोमवारचं सांगितलं. मावशीने ऐकलं. कात्री खाली ठेवली. मग भिंगरीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि दोन बोटं तोंडात घालून कवळी काढली. आधी वरची, मग खालची. चादरीच्या एका तुकड्यावर ठेवली. तिचे गाल एकदम आत गेले. माझी मावशी माझ्या डोळ्यांदेखत म्हातारी झाली. मला मान वळवावीशी वाटली, पण वळवली नाही.

भिंगरी वळली. तिने कवळीकडे पाहिलं, मग मावशीच्या तोंडाकडे. उठून एक बोट आत घातलं आणि हिरडीवरून सावकाश फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सगळे काढले?"

"हगळे," मावशी म्हणाली. दात नसल्याने तिला स नीट म्हणता येत नव्हता.

"मावशीआजी, दुखलं तुला?"

"दुखलं गं. खूप दुखलं."

"तुझ्याबरोबर कोण आलं होतं?"

मी आठवू लागले. मी तेव्हा चांगली अठरा वर्षांची होते. आईही होती. मावशी आठदहा वेळा त्या दवाखान्यात गेली असेल, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी कामावर. आम्ही तिला कवळी लागल्यावर पाहिलं आणि हसलो.

"कुणी नाही," मावशी म्हणाली.

भिंगरीला हे पटेना. तिने थोडा विचार केला. मग मावशीच्या मांडीवर चढून बसली, आ वासला आणि उजवीकडची रिकामी जागा बोटाने दाखवली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला तिचे सगळे दात दिसले. मावशीने खाली वाकून, हनुवटीला हात लावून, अगदी लक्ष देऊन बघितलं.

"मग उद्या तू माझ्याबरोबर ये," भिंगरी म्हणाली. "म्हणजे आपण दोघी असू."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. येऊ का, असं विचारत होती. मी मान डोलवली.

"येते," मावशी म्हणाली. कवळी तशीच पडून होती. आम्ही दिवेलागणीला निघालो, तोवर ती तिने परत लावली नाही.