जास्त मिळालेले गुण

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मला तीसपैकी एकोणतीस मिळाले आणि माझ्या मैत्रिणीला एकवीस. गुणपत्रिकेवर हे आकडे वेगळे दिसत नाहीत, लेखीत मिळवून एकच बेरीज येते. आम्हाला ते प्रयोगशाळेतल्या काकांनी सांगितले. म्हणजे ते खरे की खोटे, इथपासूनच मला शंका आहे.

मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही. मायक्रोस्कोपखाली स्लाइड स्पष्ट दिसायला मला दहा मिनिटं लागायची, ती एका झटक्यात फोकस करायची. माझ्या जर्नलमधल्या निम्म्या आकृत्या तिने काढून दिलेल्या. तिचे अब्बा खामगावात गाद्या भरायचे. मी जवळच्या खेड्यातून एसटीने यायचे. आमच्या दोघींच्याही घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं.

बाहेरून आलेले परीक्षक वरवट बकालकडचे होते. मी आत गेले तेव्हा त्यांच्यापुढे माझा प्रकल्प होता, म्हणजे आमच्याच शेतातली कापसाची किडलेली बोंडं आणि स्पिरिटच्या बाटलीत बुडवलेल्या गुलाबी अळ्या. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"कुठल्या वावरातल्या?"

"आमच्याच, सर."

"बीटी बियाणं होतं?"

"हो सर. पाकिटावर अळी येत नाही असं लिहिलं होतं. बाबा म्हणतात, अळीले वाचता येत नाही वाटते."

घाबरून माझ्या तोंडून वऱ्हाडी निघून गेली. ते मोठ्याने हसले आणि स्वतःही वऱ्हाडीवर आले. कोणतं वाण लावलं, अळी दिवाळीच्या आधी दिसली की नंतर, फरदड अजून उभी आहे का, वावर कोणत्या रस्त्याला आहे, असं ते विचारत गेले. वेचणी संपल्यावरही पाणी देऊन ठेवलेल्या पराटीला, म्हणजे कपाशीला, आमच्याकडे फरदड म्हणतात. आमची उभी होती. त्यांच्याही घरी कापूसच होता आणि त्यालाही अळी लागली होती. अभ्यासक्रमातला एकही प्रश्न त्यांनी मला विचारला नाही. मी बाहेर आले तेव्हा मैत्रीण दारात उभी होती. ती आत गेली आणि चार मिनिटांत परत आली.

"काय वं, काय इचारलं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि जर्नल बॅगेत कोंबलं.

घरी पोचले तर बाबा खुशीत होते.

"तुमचे ते वरवटचे सर आलते वावरात. मोठा साधा मानूस. पराटीत हिंडला, बोंडं फोडून पाह्यली."

"बाबा, काही देलं काय त्यायले?"

"काय देऊ? हिरवा हरभरा देला. दारी आलेल्या मानसाले रिकाम्या हाती धाडू काय? डिक्कीत मावला नाही, मांगं बांधून देला."

त्या माणसाच्या हातात माझे गुण आहेत हे बाबांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांनी हरभरा दिलाच असता. पण प्रॅक्टिकल दोन दिवसांचं होतं. आमची तुकडी पहिल्या दिवशी झाली. गुणांचं पाकीट बंद व्हायचं होतं ते दुसऱ्या दिवशी. मधल्या संध्याकाळी हरभऱ्याची पेंडी गेली होती.

निकाल लागला. अमरावतीच्या सरकारी कॉलेजच्या बी.एस्सी.च्या यादीत माझं नाव अगदी शेवटी होतं आणि मैत्रिणीचं प्रतीक्षा यादीत. अब्बांनी तिला सांगून ठेवलं होतं, सरकारी कॉलेज आणि होस्टेल मिळालं तर जा, नाहीतर इथंच बी.ए. कर. मागे हरभरा बांधलेली परीक्षकांची गाडी आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, कोणीतरी पाहिली होती. वर्गातली मुलं मला म्हणू लागली, "काय वं, हरभरा काय भाव?" मैत्रीण मात्र एका शब्दाने बोलली नाही. त्या न बोलण्याचीच मला जास्त भीती वाटायची.

शेवटी मी आमच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या सरांकडे गेले.

"सर, प्रॅक्टिकलचे गुण त्याच दिवशी भरले होते का?"

"काऊन? कमी पडले काय तुले?"

"नाही सर. जास्त."

सर हसायला लागले. "जास्त पडले म्हणून तक्रार घेऊन आलेली पहिलीच पोट्टी पाह्यली. कमी पडले त अर्ज आहे, फी आहे. जास्तीचा फॉर्म अजून निघाला नाही."

"पण पाकीट कधी बंद झालं, सर?"

"वेळेवर झालं."

"वेळेवर म्हणजे?"

मग त्यांचं हसू थांबलं. "बाई, नाव लागलं न यादीत? मंग?"

प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस होते. मी मैत्रिणीच्या घरी गेले. दुकानात अब्बा कापूस पिंजत होते, म्हणून आम्ही मागच्या अंगणात बसलो. मी तिला सगळं सांगितलं, अळीचा विनोद, फरदड, हरभरा, पाकीट. तिने म्हटलं तर जागा सोडायची, असं मी ठरवून गेले होते. निदान तसं ठरवलं होतं असं मला आज वाटतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हरभऱ्यानं काय होते वं? आठ मार्क हरभऱ्यानं जात असते त अब्बानं त्याले गादी भरून देली असती."

"मंग कायनं गेले?"

ती खाली बघत कापसाचा एक पुंजका बोटांनी विंचरत राहिली. "त्यानं मले पह्यले नाव इचारलं. पूर्ण. मंग जर्नलचं एक पान उलटलं, अन् म्हणे हे आकृत्या कोणी काढून देल्या."

इतके दिवस मी त्या माणसावर संशय घेत होते, बाबांवर घेत होते, सरांवर घेत होते. हा संशय माझ्या मनाला शिवलाही नव्हता. तो यायला माझ्याजवळ कारणच नव्हतं.

"पण तुले पक्कं माहीत आहे काय?" मी विचारलं.

"नाही न. तेच त. जागा सोडू नको. तू सोडशीन अन् ते मलेच भेटन, याची कोणी ग्यारंटी देली? अन् त्या हरभऱ्याचं कोणाले सांगत हिंडू नको. लोकं तेच धरून बसतीन. मंग माह्यावालं कोणी इचारनच नाही."

मी अमरावतीला आले. तिने बी.ए.ला नाव टाकलं. सुटीत भेटतो आम्ही, पण प्रॅक्टिकलचा विषय दोघीही काढत नाही.