बोडणाची परात

श्रावणातला तिसरा शुक्रवार. हजर: सासूबाई, माझी नवी सून, शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनी आणि मी. टांग्यात पुरणाचा डबा, दूध, दही, तूप, मध, साखर, सुनेच्या माहेरची अन्नपूर्णा आणि सासूबाईंची पितळी परात. कमी होत्या दोघी: चौथी सवाष्ण आणि कुमारिका.

घरात लग्न झालं की आमच्याकडे बोडण भरतात. चार सवाष्णी आणि एक कुमारिका मिळून सगळं देवीसकट परातीत कालवतात. बदलीमुळे रविवारी आमचं सामान हलणार होतं. कॉलनीतली एक मराठी बाई माहेरी गेलेली, सिव्हिल लाइन्समधलीच्या घरी सुतक. "बोडणाशिवाय मी झाशी सोडायची नाही," सासूबाईंनी बजावलं होतं. जुन्या शहरात मराठी घरं आहेत, एवढ्या ऐकीव माहितीवर निघालो.

बाजारात नुसतंच फिरणं चाललं. ऊन चढलं, दूध नासायची धास्ती.

"माताजी, घोड़ा थक गया," टांगेवाला म्हणाला.

"आणि मी?" सासूबाई.

शेवटी टांगा थांबवून मी एकटीच एका बोळात शिरले. दोन वळणांनंतर बाजाराचा गलका एकदम थांबला. दारोदार तुळस, आणि उंबऱ्यांपुढे गोपद्मांची रांगोळी! चातुर्मासात ती आमच्याच बायका काढतात. तरी दारात तांदूळ निवडणाऱ्या बाईंना सवयीने हिंदीतच विचारलं, "बहनजी, यहाँ कोई मराठी घर है?"

"सगळीच आहेत. तुम्ही कुठल्या?"

"रेल्वेतल्या."

"मग उशिरा आलात. आम्ही रेल्वेच्या आधीपासून इथं."

बोडणाचं सांगताच त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "परात आणा. मी सोवळं नेसते."

त्यांच्याच माजघरात बसलो. कुमारिका त्यांची पुतणी. "आणखी काय हवं?" असं प्रथेप्रमाणे विचारल्यावर तिनं मराठी नीट समजून हिंदीत फर्मावलं, "थोड़ा घी और." सगळ्या हसल्या. विधवा असल्याने सासूबाईंनी परातीला हात लावला नाही. पण सकाळपासून पहिल्यांदाच त्या भिंतीला टेकल्या.

कालवलेलं गाईला घालायचं, आणि गाय परतणार संध्याकाळी. टांगेवाला हाका मारत होता. देवी धुऊन बरोबर घेतली, भरली परात तिथेच ठेवून निघालो. शनिवार बांधाबांधीत गेला. रविवारी गाडी सुटल्यावर सासूबाईंनी विचारलं, "माझी परात?"

सामानाच्या यादीत बाकी सगळ्यावर खुणा झाल्या होत्या. परात आणायची अजून राहिली आहे.